उभ्या गाडीची वीज

नवा रायपूरच्या महानदी भवनापाशी सकाळी अकराला गेलं की या शहराचा दिनक्रम दिसतो. माणसं आत, गाड्या बाहेर. २०१२ मध्ये छत्तीसगडचं मंत्रालय इथे आलं, पुढे इंद्रावती भवनात विभागप्रमुखांची कार्यालयं आली, आणि २०२५ च्या १ नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनादिनी, विधानसभेच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन झालं. काम इथे आलं, घरं मात्र बहुतेकांची अजून जुन्या रायपुरातच आहेत : तात्यापारा, चौबे कॉलनी, शंकरनगर, देवेंद्रनगर. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात आणि मधले सात-आठ तास गाडी उन्हात उभी असते. इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की लोक पहिल्यांदा रेंज विचारतात, म्हणजे ती किती पळते ते. मला या उभ्या तासांबद्दल लिहायचं आहे.

*

हिशोब एकदा मांडून ठेवते. पन्नास किलोमीटरला माझ्या गाडीला भिंतीतून साधारण साडेसात युनिट लागतात. गिझरचा असतो तसला पंधरा अँपिअरचा सॉकेट तासाला तीन युनिटच्या आसपास देतो. म्हणजे रोजची भर अडीच तासांत पुरी होते. युनिट सात रुपयांना धरलं तर किलोमीटर रुपया-सव्वा रुपयात पडतो. पेट्रोल लिटरला शंभरच्या घरात आणि गाडी पंधराचं मायलेज देणारी असेल तर तोच किलोमीटर पावणेसात रुपयांचा. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास पडतात, वर अठरा टक्के जीएसटी. तिथे निम्मा फायदा जागेवरच संपतो. म्हणून ज्याच्या घरी प्लग आहे त्यालाच ही गाडी खऱ्या अर्थाने स्वस्त. अंगण असलेल्यांना ती पहिल्यांदा परवडली, याचं कारण इतकंच.

*

छत्तीसगडात एक गोष्ट वेगळी आहे आणि नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना ती सांगावी लागते. इथे २०१९ पासून 'बिजली बिल हाफ' योजना होती : महिन्याला ४०० युनिटपर्यंतच्या वापराचं बिल निम्मं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती मर्यादा १०० युनिटवर आली, डिसेंबरमध्ये २०० वर गेली. आता रोज पन्नास किलोमीटर जाणारी गाडी घरी चार्ज केली तर महिन्याला एकटी गाडीच पावणेदोनशे-दोनशे युनिट खाते. पंखे, फ्रिज, कूलर वेगळे. म्हणजे गाडी दारात आली की घर त्या सवलतीतून बाहेर पडायच्या बेताला येतं. किलोमीटरमागे रुपया हा हिशोब करताना ही गेलेली सवलतही त्यात धरायला हवी. शोरूममध्ये ते कुणी सांगत नाही. गाडी घेणाऱ्याने आधी वर्षभराची बिलं काढून बसावं.

*

तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्यात गाडी चार्जिंगच घेईना. केबलच्या डब्यावर लाल दिवा. प्लग बरोबर, व्होल्टेज बरोबर. मिस्त्री आला, मीटरखालचा खड्डा बघितला आणि म्हणाला, "अर्थिंग सुखा गे हे, गड्ढा म पानी डारव." मीठ-कोळसा घालून केलेलं जुनं अर्थिंग, उन्हाळ्यात माती कोरडी पडते आणि जमिनीशी संबंध कच्चा होतो. फ्रिज-टीव्ही तक्रार करत नाहीत, चालत राहतात. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय वीज घेत नाही. दोन बादल्या पाण्याने तेवढ्यापुरतं भागलं, मग नवीन अर्थिंग करून घेतलं. त्या घरात आजीच्या काळापासून ओल्या हातांनी बटणं दाबली गेली आहेत. गाडीच्या निमित्ताने घर सुरक्षित झालं, याचं मला फार समाधान आहे.

*

शेजारच्या काकूंचा प्रश्न : "अगं, एवढ्या पावसात वायर लावून ठेवतेस, शॉक नाही का बसत?" प्रश्न अगदी रास्त आहे. गन, म्हणजे केबलचं गाडीकडचं टोक, गाडीत नीट बसून गाडी आणि चार्जर यांची आपसांत खूण पटेपर्यंत गनेच्या टोकाशी चार्जिंगची वीज येतच नाही. गन काढायला गेलं की आधी प्रवाह तुटतो. धोका गनेत नसतो, तो भिंतीकडच्या टोकाला असतो : सैल सॉकेट, बारीक वायर, दुकानातून आणलेलं एक्स्टेंशन बोर्ड. तासन्‌तास पंधरा अँपिअर ओढले की ते बोर्ड वितळतं. तीन-चार तास चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावून बघावा. चटका बसला तर त्याच दिवशी सॉकेट बदलावा.

*

फ्लॅटवाल्यांची अडचण निराळी. कमिटी म्हणते, आग लागेल. कमिटी म्हणते, कॉमन मीटरचं बिल कोण भरणार. दुसऱ्या प्रश्नाला आधीच उत्तर मिळालं आहे. २०१९ मध्ये केंद्राने आदर्श बांधकाम उपविधींत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी वीस टक्के जागा इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सज्ज ठेवायला सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीत वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले आणि चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याचा हक्क मिळाला. वेगळं कनेक्शन, वेगळा मीटर, बिल ज्याचं त्याला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या टिपणात आहे : चांगली वायर, स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग. नियम हातात असूनही लोक तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून केबल सोडतात, हे बघून जीव तुटतो.

*

नागपूरचा रस्ता. रायपूरच्या मराठी घरांना लग्नकार्य, दवाखाना, माहेर, सगळ्यासाठी तोच. राष्ट्रीय महामार्ग ५३ : दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. तीनशेला थोडे कमी किलोमीटर. चाळीस युनिटची बॅटरी नव्वदच्या वेगाने, एसी लावून, सव्वादोनशेच्या आसपास नेते, म्हणून एक थांबा लागतोच आणि तो देवरी-साकोलीच्या पट्ट्यात मध्यावर पडतो. नव्वदचे शंभर-एकशेदहा केले की रेंज झपाट्याने उतरते; हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि इंजिनाच्या गाडीत न जाणवणारा तो खर्च इथे समोर आकड्यात दिसतो.

फास्ट चार्जरवर दहावरून ऐंशी टक्के तासाभरात होतात. ऐंशीच्या पुढे बॅटरी स्वतःच प्रवाह कमी करत आणते, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोराने वीज कोंबली तर ते खराब होतात. शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ जातो. मागे कुणी रांगेत असेल तर ऐंशीला गाडी काढावी. दिवाळीत हे पाळलं जात नाही, आणि लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं ताटकळतात.

एका ठिकाणी ॲपमधून पैसे गेले, चार्जिंग सुरूच झालं नाही, आणि फोनला नेटवर्क नव्हतं. ज्या ढाब्याच्या आवारात तो चार्जर होता तिथल्या मालकाने आपल्या स्वयंपाकघराच्या सॉकेटवर गाडी लावू दिली, वर पैसे घेईना. जेवण होईस्तोवर पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्यापुरती भर पडली. इतक्या कंपन्या, इतकी ॲपं, प्रत्येकाचं वेगळं वॉलेट. पेट्रोलपंपावर असलं काही करावं लागत नाही. थेट यूपीआयने पैसे घेणारं यंत्र सगळीकडे सक्तीचं व्हायला हवं.

भंडाऱ्याकडचे पाहुणे विचारतात, महाराष्ट्रात टोल माफ ना? महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर माफी आहे. आमच्या रस्त्यावर फास्टॅग नेहमीसारखाच कापला जातो.

*

हायब्रिड. आमच्या भावोजींनी ग्रँड विटारा घेतली आणि पहिल्या आठवड्यात फोन करून विचारलं, हिचं चार्जिंगचं तोंड कुठे आहे? ते नसतंच. या जातीच्या हायब्रिडमधली बॅटरी पाऊण युनिटची, माझ्या गाडीतली चाळीसची. ती इंजिनावर आणि ब्रेकवर भरते, गर्दीत आणि संथ वेगात पेट्रोल वाचवते. भावोजींचं काम बस्तरचं : धमतरी, कांकेर, केशकाल घाटाची बारा वळणं, मग कोंडागाव, जगदलपूर. तीनशे किलोमीटर, त्याच दिवशी परतायचंही असतं. त्यांच्यासाठी हायब्रिडच योग्य, यात मला शंका नाही. घाट उतरताना मात्र माझ्या गाडीची मजा बघण्यासारखी असते. ब्रेकला पाय न लावता नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा. मोटर उलटी जनित्र होते, गाडी आवरते आणि टक्के वाढत जातात.

सरकारच्या लेखी या दोन गाड्यांत मोठा फरक आहे. इलेक्ट्रिकवर २०१९ च्या ऑगस्टपासून पाच टक्के जीएसटी. राज्याच्या २०२२ च्या धोरणात किमतीच्या दहा टक्के, कमाल दीड लाख, अनुदान. हायब्रिडचा कर त्याच्या कित्येक पट. रोजचा रस्ता ठरलेला असेल त्याने हा फायदा घ्यावा. रोज नवा जिल्हा गाठणाऱ्याने करापेक्षा रस्ता बघावा.

*

गाडी पूर्ण चार्ज आणि तरी सुरू होत नाही, असं झालं तर घाबरू नये. दारं, दिवे, संगणक चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी निराळी असते. ती उतरली की मोठी बॅटरी जोडणारा स्विचच लागत नाही. पेट्रोल गाडीसारखा जंप द्यावा आणि दर तीन-चार वर्षांनी ती बदलावी.

*

पावसाळ्यात नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर रात्री गुरं बसतात. शेतं ओली, डांबर कोरडं. इंजिनाच्या आवाजाने ती पूर्वी निदान मान वळवत. ही गाडी शेजारी येईतो त्यांना कळत नाही. चालणाऱ्या माणसांनाही नाही. सहापदरी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वर जायचा मोह रात्री आवरलाच पाहिजे.

*

आता कोरबा. आमच्या गाड्या ज्या विजेवर पळतात तिचा मोठा भाग तिथून येतो. एनटीपीसीचं २६०० मेगावॉटचं केंद्र तिथे आहे, आणि गेवरा, कुसमुंडा या जगातल्या सर्वांत मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या कोळशाच्या खाणीही तिथेच. पन्नास किलोमीटरला पेट्रोल गाडी साडेसात किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. माझ्या गाडीची साडेसात युनिट निव्वळ कोळशाची धरली तर आकडा जवळजवळ तोच येतो, कारण कोळशाच्या एका युनिटमागे किलोभर वायू निघतो. देशाच्या एकूण विजेची सरासरी धरली तर सव्वापाच किलो. म्हणजे फायदा आहे, पण हिरव्या नंबरप्लेटवरून वाटतो तेवढा नाही. शिवाय रायपूरच्या चौकातला धूर कमी होतो तो कोरब्याकडे ढकलला जातो. तिथल्या माणसांच्या फुप्फुसांचा विचार न करता मला ही गाडी अभिमानाने मिरवता येत नाही.

*

यावर उपाय डोक्यावर तळपतो आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि तेवढी पॅनेलं रोज बारा युनिटच्या आसपास देतात. गाडीची गरज भागून उरेल एवढं. पण दुपारी घरच्या छतावर ऊन असतं तेव्हा गाडी नवा रायपुरात उभी असते, आणि रात्री ती घरी येते तेव्हा भरते कोरब्याच्या विजेवर. नेट मीटरिंगने बिल जुळतं. रात्रीचा कोळसा जळायचा तो जळतोच.

*

पन्नास किलोमीटरसाठी खरं उत्तम इलेक्ट्रिक वाहन म्हणजे आगगाडी आणि बस, हेही लिहून ठेवते. २०२५ च्या मार्चपासून नवा रायपूरमार्गे अभनपूरला मेमू जाते. पीएम ई-बस योजनेत रायपूरला शंभर बसगाड्या मंजूर आहेत. स्टेशनापासून कार्यालयापर्यंतचा टप्पा सुटला तर कितीतरी गाड्या घरीच राहतील.

*

तोवर ज्या गाड्या येतात त्यांच्यासाठी. साठ किलोवॉटचा एक फास्ट चार्जर बसवायला कित्येक लाख लागतात. त्यावर एका वेळी एक किंवा दोन गाड्या लागतात, आणि तासाभराने बैठकीतून उठून कुणाला तरी गाडी हलवायला जावं लागतं. तेवढ्याच विजेत तीन किलोवॉटचे वीस साधे सॉकेट चालतात. वीस गाड्या सकाळी लावल्या की संध्याकाळपर्यंत भरलेल्या, कुणी जागचं हलायला नको. त्या पार्किंगवर सोलरचं छप्पर घातलं तर वीज दिवसाची, उन्हाची. शिवाय मेमध्ये ४४-४५ अंशांत तापणाऱ्या गाड्या सावलीत राहतील, एसीचा आणि बॅटरी थंड ठेवण्याचा खर्च वाचेल. जागा आहे, ऊन आहे, गाड्या दिवसभर उभ्या आहेत. महामार्गाला फास्ट चार्जर हवेत, कार्यालयांना सॉकेट हवेत. नवा रायपुरात, किंवा कुठेही, ज्यांच्या कार्यालयाचं पार्किंग उघड्यावर आहे त्यांनी आपल्या विभागाकडे छप्पर, सॉकेट आणि प्रत्येक सॉकेटला मीटर, एवढी मागणी लेखी द्यावी. एकट्याने देऊ नका, गाडीवाल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन द्या.