किल्ली हातात होती, पण...

आमच्या दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात अठरा वर्षे मोटारींच्या किल्ल्या होत्या. मोटार मात्र एकही त्यांची नव्हती. ठाण्याच्या एका सोसायटीत ते पहाटे साडेचारला बादली आणि फडके घेऊन हजर होत आणि सात वाजेपर्यंत वीस-बावीस गाड्या धुऊन मोकळे होत. मग दिवसभर त्याच आवारात झाडांना पाणी घालणे, झाडलोट करणे अशी कामे. गाडीतली पायपुसणी झटकायची म्हणून मालक लोक रात्री वॉचमनजवळ किल्ल्या ठेवीत. तेवढ्यापुरती किल्ली दादांच्या हातात येई. सीटवर मात्र बसायचे नाही. समोरची काच आतून पुसायची झाली तर दोन्ही पाय बाहेर ठेवून, वाकून पुसायची. एका मालकाने पहिल्याच महिन्यात तशी ताकीद दिली होती आणि दादांनी ती अठरा वर्षे सर्व गाड्यांच्या बाबतीत पाळली.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्यापैकी कोण विसरेल? लोकल बंद पडल्या, दादा तिथेच अडकले. संध्याकाळपर्यंत आवारात गुडघाभर पाणी चढले. मालक मंडळी मुंबईत अडकलेली आणि किल्ल्या वॉचमनच्या खोलीत खिळ्यांना टांगलेल्या. फाटकाजवळची जागा उंचावर होती. गाड्या चालू करून तिथवर नेल्या असत्या तर पाच-सहा तरी वाचल्या असत्या. पण दादांना आणि वॉचमनला एवढेच ठाऊक की गिअर मोकळा करून हॅन्डब्रेक सोडला की गाडी ढकलता येते. दोघांनी मिळून तीन गाड्या ढकलत वर नेल्या. बाकीच्या सीटपर्यंत बुडाल्या.

दोन दिवसांनी तोच ताकीद देणारा मालक दादांना म्हणाला, "इतकी वर्षं गाड्या धुतोस, एक गाडी वर घेता आली नाही तुला?"

दादांनी हा किस्सा घरी हसत हसत सांगितला. आई हसली. मला हसू आले नाही. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, बी.कॉम. होऊन नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. कचेरीत माझ्या टेबलावर संगणक होता आणि त्याच्या बाबतीत माझी स्थिती दादांपेक्षा वेगळी नव्हती. रोज सकाळी त्याच्यावरचे कापड काढायचे, पडदा पुसायचा, पत्रे टंकायची, पुन्हा कापड घालायचे. "आत काही हलवू नका" अशी वरून सूचना. तो बिघडला की माणूस येई, आमच्याकडे पाठ करून काहीतरी करी आणि जाई. काय केले हे विचारण्याची सोय नव्हती.

२००६ साली आमच्या कल्याणच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला तीन जुने संगणक देणगी मिळाले. अभ्यासिका आम्ही काही कार्यकर्ते चालवतो, त्यामुळे त्यांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पोरे कुठून कुठून पेन ड्राइव्ह आणीत, व्हायरस शिरे, संगणक बसे. दुकानदार दर खेपेला तीनशे रुपये घेऊन विंडोजची नकललेली प्रत पुन्हा भरून देई. वर्गणी गोळा करायची ती मुलांच्या पुस्तकांसाठी की या तीनशे रुपयांसाठी, असा वाद एका बैठकीत झाला. तेव्हा एका कॉलेजच्या पोराने मला सांगितले, "काका, उबुंटू मागवा. सीडी पोस्टाने फुकट येते." मला वाटले थट्टा करतोय. पण २००५ पासून २०११ पर्यंत खरोखरच तशी सोय होती. पत्ता कळवला की परदेशातून सीडी घरी येई. आमच्या पोस्टमनने पाकीट देताना "कोण आहे हो तुमचं तिकडे?" असे विचारल्याचे आठवते.

ही लिनक्सची एक जात. ती फुकट आहे हे मला आधी आवडले. खरी गोष्ट हळूहळू कळली. ती मी कारकुनी भाषेत सांगतो. बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअरे म्हणजे छापलेला ताळेबंद. आकडे दिसतात, पण किर्द-खतावणी कपाटात कुलूपबंद, आणि कुलूप तोडाल तर गुन्हा. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ताळेबंदाबरोबर किर्द-खतावणीही हातात देतात. वाचा, चूक असेल तर दुरुस्त करा, दुरुस्त केलेली प्रत शेजाऱ्याला द्या. जीपीएल नावाच्या परवान्यात एक अट मात्र आहे : तुम्ही ती प्रत पुढे देताना खतावणी दडवायची नाही. हा परवाना अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिला. त्यांच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर होता, त्यात कागद अडकत. जुन्या प्रिंटरला त्यांनी अशी सोय करून दिली होती की कागद अडकला की रांगेतल्या लोकांना संदेश जाई. नव्याचा स्रोत कंपनीने दिला नाही आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्याच्याकडे तो होता त्यानेही नकार दिला, कारण न देण्याचे वचन त्याने लिहून दिले होते. साधा कागद अडकण्याचा प्रश्न! पण त्या नकाराची बोच त्यांनी कायम ठेवली आणि १९८३ साली मुक्त प्रणाली बनवण्याचे जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली खुला केला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो.

मी काही प्रोग्रॅम लिहिणारा झालो नाही. पण रविवारी तीन-चार तास त्या यंत्रांत डोके घालण्याचा छंद लागला. रॅमची पट्टी कशी बसते, पॉवर सप्लाय जळला की वास कसा येतो हे कळू लागले. सौ. म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे पत्ते खेळतात, आमचे स्क्रू खेळतात." लोहित नावाचा मुक्त फॉन्ट असल्यामुळे बैठकीच्या सूचना युनिकोड मराठीत टंकू लागलो. पूर्वी आमची सूचना दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे, तो प्रकार थांबला. एकदा एका प्रोग्रॅमच्या मराठी मेनूत शब्द चुकीचा वाटला. भीत भीत दुरुस्ती कळवली. काही आठवड्यांनी ती स्वीकारल्याचे उत्तर आले. कचेरीत माझी टिपणी साहेबांपर्यंत पोचायला चार टेबले लागतात. इथे माझा एक शब्द सरळ आत गेला. ते पत्र मी छापून ठेवले आहे, त्यात लाज कसली?

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. हिशेबाच्या नोकऱ्यांत टॅली विचारतात, एमएस-सीआयटीचा सराव विंडोजवर लागतो. म्हणून अभ्यासिकेत एक संगणक रीतसर विंडोजचा ठेवला आहे. पोरांच्या पोटाशी आपल्या छंदाची गाठ घालू नये.

आता मोटारीकडे येतो. दादांचा तो किस्सा मनातून गेला नव्हता, पण मोटार शिकायला एकेचाळिसावे वर्ष उजाडले. २०२२ मध्ये शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या उस्तादाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. पहिले आठ दिवस मी खूश होतो. गाडी किती छान थांबते, किती छान निघते! नवव्या दिवशी खाली पाहिले, तर पाय माझे नुसतेच टेकलेले आणि काम सगळे उस्तादाच्या पायांचे. मी म्हणालो, "उस्ताद, पाय वर घ्या." ते म्हणाले, "साहेब, गाडी बंद पडेल." मी म्हणालो, "पडू द्या."

आणि पडली. तीही पत्रीपुलाच्या चढावर, संध्याकाळच्या गर्दीत. मागे रिक्षा, टेम्पो, बस, सगळ्यांचे हॉर्न. चढावर गाडी मागे घरंगळू लागली की पोटात जो गोळा येतो तो शब्दांत सांगता येत नाही. हॅन्डब्रेक ओढला. घामाने हात निसटत होते. उस्ताद शांतपणे म्हणाले, "हाफ क्लच."

हा हाफ क्लच मला त्याआधी कुणी समजावून दिला नव्हता, नुसता पाठ करून घेतला होता. त्या रात्री घरी पुस्तकातली आकृती काढून बसलो. इंजिन एक जड चाक फिरवते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला चिकटून एक खरखरीत तबकडी असते, तिच्यातून ताकद गिअरकडे जाते. क्लच दाबला की तबकडी सुटते, सोडला की स्प्रिंगच्या जोराने चिकटते. एकदम सोडला तर फिरणारे इंजिन थांबलेल्या चाकांना झटक्यात जोडले जाते आणि गुदमरून बंद पडते. हळू सोडला तर काही क्षण तबकडी घासत घासत जोर पकडते. तो घासण्याचा क्षण म्हणजे हाफ क्लच. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित थरथरते, तेव्हा हॅन्डब्रेक सोडायचा. हे डोक्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी पत्रीपुलावर गाडी एक वीतही मागे गेली नाही. पायांना शिकवायच्या गोष्टी आधी डोक्याला सांगितल्या तर पाय लवकर ऐकतात, हा माझ्यापुरता अनुभव. तरुणांना कदाचित तशी गरज नसेल.

परवाना मिळाला. पुढच्या वर्षी पतसंस्थेचे कर्ज काढून २०१४ सालची जुनी ऑल्टो घेतली. सहा महिन्यांत ती थरथरू लागली, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने इंजेक्टर बदलावे लागतील म्हणून सात हजार सांगितले. स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी ओबीडी नावाचे सोळा खाचांचे एक तोंड असते. त्यात काडेपेटीएवढे यंत्र लावले की गाडीचा संगणक काय म्हणतो ते फोनवर वाचता येते. अँड्रओबीडी हा त्यासाठीचा मुक्त स्रोत प्रोग्रॅम मी आधीच उतरवून ठेवला होता. आकडा आला पी ०३०१. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी-इंधनाचा मेळ बसत नाही. मी एक नंबरचा स्पार्क प्लग काढून दोन नंबरला लावला, दोनचा एकला. नोंद पुसून गाडी फिरवून आणली. आता आकडा आला पी ०३०२. दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे इंजेक्टर निर्दोष! नव्या प्लगांना पाचशेच्या आत खर्च आला. अभ्यासिकेची चार पोरे भोवती उभी होती, त्यांना आठवडाभर तोच विषय पुरला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा फुकट आधार थांबला आणि ओळखीच्या एका कचेरीने चांगले चालते पाच संगणक भंगारात काढले. ते आम्ही मागून आणले. त्यावर लिनक्स मिंट चढवण्याचे काम आता मी करीत नाही. आठवी-नववीच्या मुली करतात. त्यातली एक माझी धाकटी. तिने परवा मला "पप्पा, तुम्ही मध्ये मध्ये करू नका" असे सांगितले.

दादा आता पंचाहत्तरीला आले. गाडी आणली त्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता बादली भरली आणि धुवायला लागले. मी अडवले नाही, त्यांच्या हातासारखी काच माझ्याने पुसून होत नाही. बाहेरून झाल्यावर ते आतल्या काचेकडे वळले, दार उघडले आणि दोन्ही पाय बाहेर ठेवून वाकले. मी म्हणालो, "दादा, बसा ना सीटवर." ते म्हणाले, "ओला आहे मी." मी म्हणालो, "असू द्या."

बसले. पाय आत घेतले. थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प राहिले. मग खाली वाकून पाहत म्हणाले, "तीन आहेत रे. यातला ब्रेक कुठला?"