गाडीतली घरघर आणि सासूबाईंचे श्रवणयंत्र



आपल्याकडे हल्ली यात्रेसाठी घरासारखी गाडी करून घेण्याची टूम निघाली आहे. आमच्या पुतण्यानेही भोसरीच्या शेडमध्ये एक डिझेल व्हॅन तशी बनवली: दोन पलंग, ओटा, छतावर एसी, मागे छोटा जनरेटर. दिवाळीनंतर श्रवणबेळगोळला जायचे आहे. दिसायला सुरेख, पण आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावे.

सासूबाई ८६ वर्षांच्या. श्रवणयंत्राला आपले बोलणे आणि इंजिनाची घरघर दोन्ही मोठी करून ऐकवायची सवय. पहिल्या फेरीत मोशीलाच त्यांनी यंत्र काढून बटव्यात टाकले. यंत्र काढले की भरल्या गाडीत त्या एकट्या. आठ दिवस तसे बसवून नेणे मला मान्य नव्हते.

पुतण्या फोमचे गठ्ठे घेऊन आला. मी बी.कॉम., शेडचे हिशोब मीच बघते. विचारले, "अरे, आवाज नेमका कुठून येतो ते बघितलंस का?"

"काकू, सगळीकडून!"

सगळीकडून म्हटले की खर्चही सगळीकडे. डेसिबलची बेरीज आपल्या वहीसारखी नसते. ७० आणि ७० मिळून ७३ होतात, १४० नाही. ७० आणि ६० मिळून जेमतेम ७०.४. म्हणजे धाकटा आवाज बंद करायला घातलेला पैसा कानाला कळतच नाही. आधी थोरला शोधायचा. गाडी उभी करून नुसते इंजिन, मग नुसता जनरेटर, मग एसी असे एकेक चालवून ऐकले. थोरले इंजिन निघाले. या कामाला आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांत एनव्हीएच म्हणतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये त्याची प्रयोगशाळाच आहे. आपल्याला मात्र टॉर्चवर भागवता येते.

रात्री एकाने गाडीखाली टॉर्च धरायचा, दुसऱ्याने आत अंधारात बसायचे. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. गिअरच्या दांड्याजवळ, वायरी आत येतात तिथे, ओट्याच्या सांडपाण्याच्या पाइपाभोवती बोट जाईल एवढी भोके होती. ती रबरी ग्रोमेट आणि सीलंटने बुजवली. सगळ्यात स्वस्त काम, आणि फरक सगळ्यात जास्त.

दुसरा आवाज हवेतून येत नाही, पत्र्यातून येतो. मिक्सरखाली घडीचे फडके घातले की ओटा थरथरायचा थांबतो, तेच इथे. इंजिनाखालचे रबर जुने होऊन दगडासारखे झाले होते, ते बदलले. वाजणाऱ्या स्टीलच्या ताटाला हात लावला की ते गप्प होते. तसे पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवले. जमिनीवर जड रबरी थर. फोम शेवटी, तोही थोडाच, कारण तो आतला घुमारा शोषतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागते.

पुढच्या फेरीत सासूबाईंनी खेडपर्यंत यंत्र कानात ठेवले आणि माझ्या सुनेला पापडखाराच्या प्रमाणावरून चांगले सुनावले.

जनरेटरचे दुखणे वेगळे. लहान जनरेटर मिनिटाला ३००० फेरे फिरतो, म्हणून तो टोचतो. १५०० फेऱ्यांचा शांत असतो, पण जड आणि महाग. त्याच्याखालीही रबर घातले. पेटी पूर्ण बंद करायचा पुतण्याचा बेत मात्र मी हाणून पाडला. आत हवा गेली नाही तर यंत्र तापते, आणि धुराला वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला तर झोपलेला माणूस उठत नाही. धुराचा पाइप खिडकी-दारापासून लांब, गाडीच्या बाहेरपर्यंत काढून घेतला. आवाजासाठी भोके बुजवली त्याचा इथेही उपयोग झाला. तरी पलंगाजवळ अलार्म लावलाच आहे.

शिवाय रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. धर्मशाळेच्या आवारात मुनिराज असतात, थकलेले यात्रेकरू असतात. सूर्यास्तानंतर आपल्याला चूल पेटवायची नसते, मग रात्री जनरेटर हवा तो फक्त एसीला. मी पुतण्याला सांगितले आहे की बॅटरी आणि इन्व्हर्टरवर दोन पंखे चालव, एसी राहू दे. त्याने दोन ठिकाणी कोटेशन मागितले आहे. आकडा आला की इथे लिहीन.