गुडघ्याची वंशावळ

यंदाच्या पावसाळ्यांत आमच्या उजव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. तेव्हां चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही गिरगांवाहून बसनें परळच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे निघालों. लालबागला चढलेल्या एका मालवणी मावशी आमची अवस्था पाहून कळवळून म्हणाल्या, "आजोबा, ढोपर दुखता काय?" गिरगांवांत गुडघा, लालबागेंत ढोपर, आणि श्रीरामचंद्रास आजानुबाहु म्हणतांना जानु! एका सांध्यास मराठींत किती नांवें!

रुग्णालयांत डॉक्टरांनीं चिठ्ठीवर गुडघा इंग्रजींत लिहिला. लिहितांना आरंभीं 'के', बोलतांना मात्र नुसतें 'नी'. तें अक्षर पाहतांच आम्ही वरमलों. पस्तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें, "सर, हा के बोलायचा नाहीं, तर लिहायचा कशाला?" आम्हीं त्यास उद्धट ठरवून बांकावर उभें केलें. खरें पाहतां उत्तर आम्हांस येत नव्हतें.

तें सांपडलें निवृत्तीनंतर, आणि निघालें आमच्याच पाणिनीपाशीं! बहुव्रीहि समासांत प्र आणि सम् यांपुढें जानु शब्दाचा 'ज्ञु' होतो. ज्याचे गुडघे एकमेकांस लागतात तो संज्ञु. हें सूत्र आम्हीं बाळपणींच घोकलेलें. या ज्ञु मधला ज् म्हणजेच इंग्रजीचा तो मुका के! मूळचा वर्ण गकाराजवळचा. लातिनांत तो ग राहिला, म्हणून तेथें 'गेनु'. संस्कृतांत ज झाला. जर्मन कुळांत क. गाय या अर्थाच्या गो शब्दाचें इंग्रजींत काउ होतें, युगाचें योक होतें, त्यांतला हाच नियम याकोब ग्रिम यांनीं १८२२ सालीं मांडला. जर्मन आणि डच लोक आजहि 'क्नी' असेंच म्हणतात. इंग्रजांच्या तोंडचा क सतराव्या शतकाच्या सुमारास गळाला, लेखणींत तेवढा उरला. जाणणें या अर्थाच्या 'नो' मधला मुका के हाहि ज्ञा धातूचाच ज् होय. त्यांस हंसण्याचें मात्र कारण नाहीं. आपणहि ज्ञ लिहितों आणि 'द्न्य' बोलतों!

डॉक्टरांनीं मांडी घालणें आणि जिने चढणें बंद करण्यास बजावलें. बाहेर पडल्यावर गिरगांवची बस समोर उभी होती. ती सोडून आम्हीं उलट दिशेची दादरची धरली. तो विद्यार्थी आतां पन्नाशीला टेकला असेल. हिंदू कॉलनींत राहतो, हें ठाऊक होतें. घर तिसऱ्या मजल्यावर निघालें, आणि इमारतीस लिफ्ट नव्हती. आम्हीं कठडा धरला आणि पहिली पायरी चढलों.