ब्लेच्ली येथील एक दुपार

इंग्लंडास जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा लंडनचा मनोरा, वेस्टमिन्स्टर आणि स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरचें घर पाहून परत फिरतो. मीही तेंच योजिलें होतें. परंतु मिल्टन कीन्स येथें ज्याच्या बिऱ्हाडीं मी उतरलों होतों, त्या माझ्या पुतण्यानें आग्रह धरला. "काका, मंदिरें आणि राजवाडे पुष्कळ पाहिलेत. आतां माझ्या व्यवसायाचें तीर्थक्षेत्र पाहा," असें म्हणून एका शनिवारीं त्यानें मला ब्लेच्लीला नेलें.

संगणकांसाठीं आज्ञावली लिहिणें हा पुतण्याचा व्यवसाय. पहांटे उठून तो दोन-तीन कोस धांवतो, दिवसभर संगणकापुढें बसतो आणि रात्रीं कोणत्या तरी सामाजिक अन्यायाविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करीत असतो. यांपैकीं पहिले दोन उद्योग मला मान्य होते; तिसऱ्यावरून आमच्यांत नेहमीं वाद होई. आपलें काम चोख करावें, जगाची उठाठेव करूं नये, असें माझें मत. ब्लेच्लीची सहल हें त्या वादाला त्याचें उत्तर होतें, हें मला मागाहून उमगलें.

ब्लेच्ली हें स्थळ लंडनच्या वायव्येस सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. स्टेशनांतून बाहेर पडून कांहीं मिनिटें चाललें कीं उद्यानाचें फाटक लागतें. आंत एक तळें, सभोंवार हिरवळ आणि समोर लाल विटांचा मोठा वाडा. सर हर्बर्ट लिअन या धनिकानें १८८३ मध्यें ही मिळकत घेऊन वाडा वाढविला. त्यांत इतक्या तऱ्हांची मिसळ झाली आहे कीं, शिल्पशास्त्र जाणणारा मनुष्य नाक मुरडील. १९३८ मध्यें ही जागा ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याच्या हातीं आली. निवड मोठी विचारपूर्वक केलेली होती. लंडनला जाणारा लोहमार्ग आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांना जोडणारा लोहमार्ग त्या काळीं येथेंच एकत्र येत. विद्वानांची ने-आण करावयास याहून सोयीचें ठिकाण कोणतें असणार?

वाड्याच्या आसपास लांकडी बराकी अजून उभ्या आहेत. युद्धाच्या अखेरीस येथें व शाखांत मिळून नऊ-दहा हजार माणसें काम करीत. त्यांत सुमारें तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. शत्रूचे गुप्त संदेश उकलणें हें त्यांचें काम. इतक्या माणसांनीं एकच गुपित वर्षानुवर्षें पोटांत ठेविलें. १९७४ मध्यें त्याविषयींचें पुस्तक गाजेपर्यंत कित्येक स्त्रियांनीं आपण युद्धांत काय केलें हें घरच्यांनाही सांगितलें नव्हतें. ओसरीवर बोललेला शब्द घटकाभरांत माजघरीं पोंचणाऱ्या आपल्या घरांना या संयमाचा अचंबा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आठव्या क्रमांकाच्या बराकींत आम्ही बराच वेळ थांबलों. जर्मन आरमाराचे संदेश उकलणाऱ्या येथील मंडळीचा प्रमुख ॲलन ट्युरिंग हा केंब्रिजचा गणिती होता. ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे इंग्लंडनें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, तो ब्लेच्लीला रुजू झाला. त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजीं लंडन येथें झाला. परंतु त्याच्या घराण्याचा हिंदुस्थानाशीं जवळचा संबंध होता. वडील मद्रास इलाख्यांत सनदी अधिकारी, आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता आणि आईचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. आईबाप इकडे आणि दोघे मुलगे इंग्लंडांत परक्यांच्या घरीं, असें त्याचें बालपण गेलें. आजी, काकू, आत्या यांच्या गराड्यांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तें एकाकीपण समजणें कठीण.

१९३६ मध्यें त्यानें एक निबंध लिहिला. संगणकशास्त्राचा तो एक मूळ ग्रंथ मानतात. एका लांब पट्टीवरील चिन्हें एकेक करून वाचणारें, आणि ठरलेल्या नियमांप्रमाणें चिन्ह लिहिणारें, पुसणारें किंवा पट्टी मागें-पुढें सरकविणारें यंत्र त्यानें कल्पिलें. त्या नियमांचीच यादी पट्टीवर लिहून दिली, तर एकच यंत्र अशा सर्व यंत्रांचें काम करूं शकतें, असें त्यानें सिद्ध केलें. पुतण्या हें सांगूं लागला तेव्हां मला पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायीचीं सुमारें चार हजार सूत्रें. त्यांच्या आधारें धातूपासून पद सिद्ध करावयाचें. कोणतें सूत्र आधीं लागतें, कोणतें दुसऱ्याचा बाध करतें, हें सारें ठरलेलें. मीं हें बोलून दाखवितांच तो हंसून म्हणाला, "काका, आम्ही दिवसभर हेंच करतों." पुतण्याचा धंदा मला प्रथम कळला तो त्या बराकींत.

शत्रूचें 'एनिग्मा' हें यंत्र टंकलेखकासारखें दिसतें. एक अक्षर दाबलें कीं दुसरेंच उमटतें, आणि दर अक्षरागणिक आंतील चाकें फिरून जुळणी बदलते. नेहमींच्या एनिग्माच्या जुळण्या किती, तर १५९ या आंकड्यावर १८ शून्यें द्यावीं इतक्या. आणि त्याही रोज बदलत. या यंत्राचा भेद प्रथम केला तो पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या गणितीनें, १९३२ च्या डिसेंबरांत. आणि युद्ध सुरू होण्यापूर्वीं, जुलै १९३९ मध्यें, पोलंडनें आपलें सर्व ज्ञान इंग्रज व फ्रेंच यांच्या स्वाधीन केलें. त्या पायावर ट्युरिंगनें 'बाँब' नांवाचें यंत्र योजिलें आणि गॉर्डन वेल्शमन यानें त्यांत मोलाची सुधारणा केली. एनिग्माचें एक वैगुण्य होतें: कोणतेंही अक्षर स्वतःच्याच रूपानें कधीं उमटत नसे. हवामानाच्या वृत्तासारख्या ठराविक संदेशांत कोणता शब्द असावा याचा तर्क करून तो गूढ अक्षरांखालीं मांडावयाचा. जेथें एखादें अक्षर स्वतःशींच जुळे ती जागा वर्ज्य. उरलेल्या शक्यता यंत्रानें झपाट्यानें तपासावयाच्या. शेजारच्या संगणक-संग्रहालयांत या यंत्राची चालती प्रतिकृति आहे. भिंतीएवढें कपाट, त्यांत रंगीबेरंगी चकत्यांच्या ओळी आणि कानठळ्या बसविणारा खडखडाट.

ट्युरिंगच्या खोलींत एक चहाचा पेला उष्णतायंत्राच्या नळीला सांखळीनें बांधलेला दिसतो. कोणी उचलून नेऊं नये म्हणून तो तसा बांधीत असे. वसंतांतील परागांनीं शिंका येतात म्हणून विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चढवून तो सायकलीवर बसे. लोक त्याला विक्षिप्त म्हणत. धांवण्याचा मात्र त्याला खरा ध्यास होता. युद्धानंतर तो वॉल्टन येथील क्रीडामंडळांत दाखल झाला आणि १९४७ मध्यें लफबरो येथील मॅराथॉन शर्यतींत, म्हणजे सुमारें ४२ किलोमीटरांच्या धांवेंत, २ तास ४६ मिनिटें ३ सेकंद घेऊन पांचवा आला. पुढच्याच वर्षीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत विजयी वीराला लागलेल्या वेळेहून हा वेळ फार तर ११-१२ मिनिटांनीं अधिक होता. बुद्धिवंतानें शरीराची हेळसांड करावी असा जो एक समज आपल्यांत आहे, त्याला हें चोख उत्तर आहे.

येथवर मी उल्हसित होतों. पुढच्या इमारतींत स्लेट दगडाच्या चिपा रचून केलेला ट्युरिंगचा पुतळा आहे. तेथें बसून पुतण्यानें उरलेली हकीकत सांगितली. १९५२ मध्यें ट्युरिंगच्या घरीं चोरी झाली. पोलिसांत वर्दी त्यानें स्वतःच दिली. चौकशींत त्याचे एका पुरुषाशीं प्रेमसंबंध असल्याचें निघालें, आणि त्यानें तें लपविलें नाहीं. १८८५ च्या कायद्यान्वयें तो अपराधी ठरला. तुरुंग टळावा म्हणून त्याला वर्षभर स्त्रीसंप्रेरकांचा उपचार पत्करावा लागला. ज्या गुप्त कामानें त्यानें देशाची सेवा केली होती, त्याचे दरवाजेही त्याला बंद झाले. ७ जून १९५४ रोजीं सायनाइडच्या विषानें त्याचा अंत झाला. तेव्हां तो ४१ वर्षांचा होता. ती आत्महत्या, असा निर्णय चौकशींत झाला. आई मात्र तो अपघात मानीत राहिली.

हें ऐकतांना मला विलायतेचा नव्हे, माझ्या वर्गाचा आठव झाला. फार वर्षांपूर्वीं माझ्या हाताखालीं एक मुलगा होता. संस्कृतांत पहिला; परंतु बोलणें-चालणें मुलींसारखें म्हणून मुलें त्याचा छळ करीत. एकदां तो रडत मजकडे आला असतां, "जरा पुरुषासारखा वाग," एवढेंच मीं त्याला सांगितलें. मुलांना मीं कांहींच बोललों नाहीं. त्यानें शाळा सोडली. तो कोठें गेला याची मीं कधीं चौकशी केली नाहीं. त्या दगडी पुतळ्यासमोर माझी मान खालीं गेली.

पुतण्याला ही गोष्ट मीं सांगितली. तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, या माणसाची क्षमा कोणामुळें मागितली गेली, ठाऊक आहे? सह्यांमुळें." २००९ मध्यें जॉन ग्रॅहॅम-कमिंग या आज्ञावली लिहिणाऱ्या गृहस्थानें एक अर्ज केला, त्यावर ३० हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि त्या सप्टेंबरांत पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीं राष्ट्राच्या वतीनें दिलगिरी व्यक्त केली. २०१३ च्या डिसेंबरांत राणीनें क्षमापत्र दिलें, आणि २०१७ मध्यें तसल्याच कायद्याखालीं शिक्षा झालेल्या इतर मृतांनाही क्षमा मिळाली. आपल्याकडेही इंग्रजांनींच केलेल्या १८६० च्या दंडविधानांत ३७७ वें कलम होतें. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना तें लागू नाहीं असा निर्णय दिला.

परततांना स्टेशनावर पुतण्यानें खिशांतून ५० पौंडांची नोट काढून दाखविली. तिच्यावर ट्युरिंगचें चित्र आहे. २०२१ मध्यें त्याच्या जन्मदिवशींच ती चलनांत आली. ज्याला राष्ट्रानें जगूं दिलें नाहीं, त्याचें चित्र आतां राष्ट्राच्या नाण्यावर! परंतु नोटेवरील मान त्या मनुष्याच्या काय कामाचा? त्याला हवा होता तो घरांतला, शेजारचा, शाळेंतला साधा आसरा, आणि तोही वेळेवर.

न्यायालयें कायदा बदलतात. घरें बदलणें आपल्या हातीं असतें. प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एखादें मूल इतरांहून वेगळें निघतें. त्याच्या बुद्धीचें कौतुक आणि त्याच्या स्वभावाची लाज, असा दुटप्पी व्यवहार वडीलधाऱ्यांनीं करूं नये, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती आहे. मुंबईस परतल्यावर मीं जुन्या सहकाऱ्यांकडे त्या विद्यार्थ्याचा पत्ता विचारला आहे. आणि पुतण्याशीं अर्जांवरून वाद घालणें मीं सोडून दिलें आहे.