पोटातलं बाळ हलतं ते कुणाच्या सांगण्यावरून?

मी फिजिशियन. बाळंतपणं करत नाही, पण बीपी, शुगर, थायरॉईडसाठी दुसरबीड आणि आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बाया माझ्याकडे येतात. बीपी बघायच्या आधी मी विचारतो, "बाळ फिरतं ना नीट? मिश्री लावता का?" हे दोन प्रश्न एकत्र का, ते आज सांगतो.

आईला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते. दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सोनोग्राफीत मात्र ती ७-८ आठवड्यांतच दिसते. तेव्हा बाळ जेमतेम शेंगदाण्याएवढं असतं. त्याला हलायला कोण सांगतं? मेंदू, असं तुम्ही म्हणाल. पण १९६० च्या दशकात व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडून पाहिला, तरी पिल्लाची हालचाल चालूच राहिली. म्हणजे सुरुवातीचा हा ताल मज्जारज्जूचा स्वतःचाच असतो.

तो कसा लागतो? मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. त्याने शेजारच्या पेशी जाग्या होतात, त्या पुढच्यांना जागं करतात आणि लाट पसरते. गाबा आणि ग्लायसीन ही रसायनं मोठ्या माणसात चेतापेशींना शांत करतात. गर्भात ती उलट चेतवतात, कारण त्या कोवळ्या पेशींच्या आत क्लोराइड जास्त असतं. लाट ओसरली की पेशी थकून थांबतात. काही मिनिटांनी पुन्हा नवी लाट.

ही हालचाल वाया जात नाही. कोंबडीच्या गर्भात स्नायूंकडे जाणारा ॲसिटिलकोलीनचा निरोप औषधाने अडवला, तर पिल्लाचे सांधे आखडून जुळून जातात. सांधे, स्नायू घडायला हालचाल लागतेच.

आता मिश्री. तंबाखूतलं निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ॲसिटिलकोलीनच्याच कुलपात किल्लीसारखं बसतं. म्हणून मिश्री, गुल, तंबाखू, विडी बंद. "दातालाच तर लावते" हे कारण चालत नाही. हिरडीतूनही निकोटिन रक्तात जातं.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावं:

- २८ आठवड्यांनंतर रोजच्या हालचालीचा अंदाज ठेवा. शंका आली तर डाव्या कुशीवर निवांत पडून मोजा. २ तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत, तर लगेच दवाखाना गाठा.
- "दिवस भरत आले की बाळ कमीच फिरतं" हा गैरसमज आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होत नाही.
- साखरपाणी पाजून सकाळची वाट पाहू नका. रात्र असेल तर १०८ ला फोन करा.
- दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

सासूबाईंना खास विनंती. सून म्हणाली, "आज बाळ कमी फिरतंय," तर "आमच्या वेळी असंच होतं" म्हणू नका. पोटातल्या बाळाकडे तक्रार सांगायला हालचालीखेरीज दुसरी भाषा नाही. तपासून सगळं ठीक निघालं, तर गेला फक्त एक हेलपाटा. तो मारायला लाजू नका.