लंकेत सोन्याच्या विटा

प्रवास करण्यापेक्षा प्रवासाचा बेत करण्यात अधिक सुख आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही ते एकदम खोडून काढणार नाही. प्रवासात घाम येतो, पोट बिघडते, मुले रडतात आणि पाकीट हलके होते. बेतात यातले काहीच नाही. दिव्याखाली नकाशा पसरावा, बोटाने समुद्र ओलांडावा आणि चहा निवण्यापूर्वी घरी परत यावे. मात्र हे सुख फार लांबले तर त्याचे काय होते, तेही आम्हास ठाऊक आहे. आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही केंद्र सरकारचे लिपिक. जानेवारी आणि जुलै महिन्यांच्या पहिल्या तारखेस आमच्या खात्यावर पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा जमा होते. मुलखाबाहेर नेमणूक झालेल्या मराठी माणसाच्या या रजेला एकच वाट माहीत असते, ती गावाकडची. वाचकांपैकी बहुतेकांचा अनुभव निराळा नसेल. दोन दिवस जाण्याचे, दोन येण्याचे, मध्ये एखादे लग्न, एखादी वास्तुशांत, घराच्या कौलांची डागडुजी, आणि निघताना आईने बांधून दिलेले मेतकूट. रजा संपली की सुट्टी घेतली होती की कर्तव्य बजावले, याचा उलगडा होत नाही. शिल्लक राहिलेली रजा आपण साठवतो. कारण तीनशे दिवसांपर्यंतच्या रजेचा निवृत्तीच्या वेळी पैसा होतो, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणी ना कोणी आपल्या कानात सांगितलेले असते.

२०१८ च्या दिवाळीत आम्ही शिलाँगहून गावी, कराडजवळ, गेलो होतो. रात्रीची जेवणे झाली होती. बोलता बोलता अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "मला एकदा सिलोन पाहायचंय." अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभ्या आयुष्यात त्यांनी आमच्याकडे काही मागितल्याचे आम्हास स्मरत नाही. त्यामुळे आम्ही थोडे चपापलोच.

त्यांच्या या इच्छेचे मूळ रेडिओत होते. अण्णांचा जन्म १९५३ चा. त्याच सुमारास केंद्राचे नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि सारा देश काटा फिरवून सिलोनकडे वळला. १९५२ च्या डिसेंबरात तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. केसकरांनी, म्हणजे आपल्याच एका मराठी विद्वानाने, दार लावून घ्यावे आणि मराठी खेड्यातल्या पोरांनी सातासमुद्रांपलीकडच्या खिडकीशी कान लावून बसावे, असा तो मौजेचा काळ. अण्णा दहा-बारा वर्षांचे असताना दर बुधवारी रात्री आठ वाजता गावातल्या एका सधन घराच्या ओसरीखाली, चिखलात उभे राहून, ती गाणी ऐकत. आवाज कधी जवळ येई, कधी लाटेसारखा मागे सरे. ती लाट म्हणजे प्रत्यक्ष समुद्राचीच लाट, अशी त्यांची समजूत होती.

आम्ही पदवीधर. ज्ञान पाजळल्यावाचून राहवेना. आम्ही म्हणालो, "अण्णा, अमीन सायानींचा कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होई, आणि ती फीत विमानाने कोलंबोला जाई."

अण्णा हसून म्हणाले, "असू दे. आमच्याकडे तो तिथूनच यायचा ना?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही श्रीलंकेची फाईल उघडली.

ही फाईल म्हणजे केवळ बोलण्याची रीत नव्हे. आम्ही खरोखरीच एक पुठ्ठ्याची फाईल आणली, तिला दोरी बांधली आणि डावीकडे टिप्पण्या, उजवीकडे कागदपत्रे अशी व्यवस्था केली. पहिली टिप्पणी ऋतूविषयी होती. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून थोडे अधिक. परंतु एवढ्याशा बेटावर दोन पावसाळे नांदतात. नैर्ऋत्येचा पाऊस मे ते सप्टेंबर कोलंबो, गाल आणि डोंगराची पश्चिम बाजू झोडपतो; ईशान्येचा पाऊस डिसेंबरच्या आगेमागे उत्तर व पूर्व किनाऱ्यावर उतरतो. साऱ्या बेटाला एकाच वेळी मानवेल असा महिना शोधणे म्हणजे कार्यालयातल्या सर्वांना मानवेल असा अधिकारी शोधणे. त्यातल्या त्यात जानेवारीअखेर ते मार्चमध्य हा काळ बरा, असा अभिप्राय आम्ही नोंदविला.

दुसरी टिप्पणी मार्गाची. कोलंबोहून दक्षिणेस समुद्राच्या कडेकडेने गाल. तेथला किल्ला पोर्तुगिजांनी घातला आणि डचांनी वाढविला. तेथून तिस्समहारामाला जाऊन रान आणि हत्ती पाहावयाचे. मग घाट चढून एल्ला व नुवारा एलिया. हे गाव १,८६८ मीटरांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून पाचशे मीटर उंच, आणि चहूकडे चहाचे मळे. पुढे कँडी, दंबुल्ला, सिगिरिया. राजा कश्यपाने पाचव्या शतकात ज्या खडकावर राजवाडा बांधला तो हा सिगिरिया. चढावयास सुमारे बाराशे पायऱ्या. मग अनुराधपूर, जेथे संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेचा वृक्ष अजून जपला जातो. तेथून उत्तरेस जाफना. हा रस्ता यादवी युद्धात वर्षानुवर्षे बंद होता. २००९ साली युद्ध संपल्यावर तो पुन्हा वाहता झाला. परतताना मन्नार, पुत्तळम आणि कोलंबो. सारा फेरा बाराशे-तेराशे किलोमीटरांचा. कागदावर हे अंतर दोन दिवसांचे दिसते. पण नुवारा एलिया ते कँडी हे पाऊणशे किलोमीटर उतरावयासच अडीच-तीन तास लागतात, हे कळल्यावर आम्ही पंधरा दिवस धरले.

गाडी स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी, यावर घरात दोन पक्ष पडले. तेथेही वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. आपल्या परवान्यावर तेथली मान्यता तेवढी घ्यावी लागते. आमचा कल स्वतः चालविण्याकडे होता. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी चालवणार आणि डोंगर आम्ही बघणार. मग रात्री मुक्कामाला आल्यावर आम्ही तुम्हाला काय काय दिसलं ते सांगायचं का?" चालकाचा खर्च मंजूर झाला.

अण्णांनी या बेतात दोनच सूचना केल्या. कोलंबोतील नभोवाणीची इमारत दाखवावी, ही पहिली. दुसरी तलैमन्नारची. अण्णांजवळ शाळेतला एक जुना नकाशासंग्रह होता. त्यात मद्रासहून निघालेली आगगाडीची रेघ धनुष्कोडीपर्यंत जाई, पुढे तुटक ठिपक्यांनी समुद्र ओलांडी आणि तलैमन्नारला पुन्हा रेघ होई. १९६४ च्या डिसेंबरातील वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि ती रेघ पुसली गेली. "त्या ठिपक्यांचं पलीकडचं टोक बघू," अण्णा म्हणाले. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी आणि आईने पासपोर्ट काढले. छायाचित्रासाठी अण्णांनी कोट घातला होता. तो कोट यापूर्वी आमच्या लग्नात निघाला होता.

मार्चअखेरीच्या धांदलीमुळे चांगले महिने हातचे गेले. मेचा पहिला पंधरवडा ठरला, कार्यालयाची परवानगी आली, रजा मंजूर झाली. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोतील चर्चमध्ये आणि हॉटेलांत स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मेली. आम्ही बेत पुढे ढकलला, एप्रिल २०२० वर. त्यानंतर २०२० च्या मार्चमध्ये काय झाले, ते वाचकांस सांगावयास नको.

२०२१ च्या मे महिन्यात अण्णा गेले. आम्ही तेव्हा शिलाँगलाच होतो. गावी पोचलो तेव्हा चौथा दिवस होता.

यापुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. आईला घेऊन आम्ही शिलाँगला परतलो. गावच्या घराला कुलूप लागले. २०२२ साली आमची बदली चेन्नईस झाली. लंका आता विमानाने जेमतेम दीड तासावर आली. पण त्याच वर्षी त्या देशात पैसा संपला, इंधनासाठी मैल मैल रांगा लागल्या आणि जुलैत राष्ट्राध्यक्षच देश सोडून गेले. पुढे आईच्या गुडघ्याचे दुखणे निघाले. २०२६ चा जानेवारी नक्की केला, तर २०२५ च्या नोव्हेंबरअखेर 'दितवा' चक्रीवादळ आले. डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, रस्ते आणि लोहमार्ग तुटले, शेकडो माणसे प्राणास मुकली. त्याच वादळाचा उरलासुरला पाऊस आमच्या चेन्नईच्या खिडकीवर पडत असताना आम्ही फाईलवर पुन्हा एकदा 'स्थगित' असे लिहिले.

लिहिले खरे, पण त्या रात्री प्रथमच आम्ही ती फाईल पहिल्या पानापासून वाचली. कार्यालयात आम्ही दुसऱ्यांच्या प्रकरणांतील विलंबाची कारणे शोधतो. कोणता कागद कोठे किती दिवस पडून होता, याचा तक्ता करतो. तसाच तक्ता आम्ही या प्रकरणाचा केला. स्फोट, साथ, टंचाई, वादळ, ही सारी कारणे खरी होती. पण त्यांच्या मधले महिने? २०१९ चा डिसेंबर मोकळा होता. लंकेत तोवर शांतता झाली होती. अण्णा सहासष्ट वर्षांचे, रोज तीन मैल चालत. आमच्या खात्यावर एकशे बारा दिवसांची रजा होती. त्या महिन्यातील टिप्पणी आमच्याच हस्ताक्षरात आहे: "विभागीय परीक्षा जवळ आली आहे. शिवाय रजा शिल्लक ठेवणे हितावह. एप्रिलमध्ये पाहावे."

'लंकेत सोन्याच्या विटा' असे आपल्याकडे म्हणतात. असतील विटा, पण त्यांचा आपल्याला काय उपयोग, असा त्याचा अर्थ. आमच्या बाबतीत विटा लंकेत नव्हत्या. त्या आमच्या रजेच्या खात्यावर होत्या. एकेक दिवस रचून आम्ही त्यांची भिंत केली होती आणि अण्णा भिंतीच्या पलीकडे राहिले.

हे आम्ही कोणापाशी बोललो नाही. पण आईच्या नजरेतून ती फाईल सुटली नसावी. एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने विचारले, "अरे, माझा पासपोर्ट कधीपर्यंत आहे?"

"फेब्रुवारी २०२९ पर्यंत," आम्ही म्हणालो. "पण सहा महिने आधीच तो प्रवासाला पुरेनासा होतो."

"म्हणजे ऑगस्ट २०२८," आईने हिशेब केला. "आणि माझे गुडघे कधीपर्यंत, ते कुठे लिहिलेलं नाही."

मग आम्ही तिच्यापुढे नकाशा पसरला. नुवारा एलियाजवळ सीता एलिया म्हणून ठिकाण आहे; रावणाने सीतेला ठेवले ती अशोकवाटिका हीच, असे तेथे सांगतात आणि ओढ्याकाठी सीतेचे देऊळ आहे. तेथे जाऊन तुला वाईट तर वाटणार नाही ना, असे सौ.ने विचारताच आई म्हणाली, "सीतेला बळजबरीने नेली होती. मी आपखुशीने जाते आहे." तिकडे भातावर ओल्या नारळाची तिखट चटणी खातात, हे ऐकून तर रत्नागिरीकडचे माहेर असलेली ती बाई किंचित निराशच झाली. "मग आणि वेगळं काय ते?"

बेत नव्याने आखला आहे. आता दिवस अठरा, आणि गाडीत रोज तीन तासांहून अधिक बसावयाचे नाही. सिगिरियाच्या बाराशे पायऱ्या आम्ही आणि आमची दहा वर्षांची कन्या चढू. आई आणि सौ. खाली झाडाच्या सावलीत बसतील. वादळानंतर डोंगरातला एखादा रस्ता बंद असलाच तर तेवढा टप्पा गाळावा, पण बेत स्थगित करू नये, अशी टिप्पणी सौ.ने स्वतःच्या हाताने घातली आहे. अण्णांच्या दोन्ही सूचना जशाच्या तशा ठेवल्या आहेत. कोलंबोतील ती नभोवाणी १९६७ सालीच महामंडळ झाली. आत जाऊ देतात की नाही, यास महत्त्व नाही. रस्त्याच्या पलीकडून पाहू. तलैमन्नारला जुना धक्का आहे. तेथे उभे राहून पश्चिमेकडे, धनुष्कोडीच्या दिशेस, तोंड करावयाचे.

काल दुपारी येत्या जानेवारीअखेरीपासूनच्या अठरा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवला. रजेचे कारण लिहावयाच्या रकान्याशी लेखणी थोडी थांबली. आजवर तेथे आम्ही 'घरगुती काम' असे लिहीत आलो. या वेळी 'आईस श्रीलंका दाखविणे' असे लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून एकवार पाहिले आणि सही केली.

अण्णांचा पासपोर्ट अजून आमच्या कपाटात आहे. पाने सारी कोरी. निधनानंतर तो रद्द होण्यासाठी परत करावयाचा असतो, हे आम्हास, लिपिकास, कोणी सांगावयास नको. तेवढा एक कागद आम्ही जाणूनबुजून प्रलंबित ठेवला आहे. लंकेहून परतलो की तो निकालात काढू.