पाचापैकी किती?

पिच्चर बघून झाला की त्यावर मत द्यायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर तिकीट काढायचं, आत बसायचं, दिवे लागले की घरी यायचं, एवढंच ठाऊक. कुणी विचारलंच तर 'चांगला होता' म्हणायचं. विषय संपला.

मी वसमतच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. हळदीच्या कांडीचे कट्टे किती, गट्टूचे किती, हमाली, तोलाई, आधीची उचल वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती, हे लिहिण्यात आयुष्य गेलं. सिनेमाशी संबंध म्हणाल तर लहानपणी औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत तंबूत बसून पाहिलेले पिच्चर, आणि पुढं आईला घेऊन पाहिलेला 'माहेरची साडी'. तो १९९१ चा. टॉकीजात बाया एवढ्या रडत होत्या की अलका कुबल काय बोलते ते धड ऐकू आलं नाही. मग टीव्ही आला, संसार आला आणि टॉकीजची वाट सुटली.

आता पुतण्या नांदेडला शिकतो. त्याच्याकडं गेलं की तो मला पिच्चरला नेतो, आणि बाहेर पडलो की चप्पल पायात नीट बसायच्या आत विचारतो, "काका, पाचापैकी किती?"

"काय किती?"

"स्टार हो. किती स्टार देता?"

हळदीची कांडी मोडून आतला रंग बघितला की मी भाव सांगू शकतो. पिच्चर कुठं मोडून बघायचा?

आता 'छावा'चंच घ्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला, पाठोपाठ शिवजयंती आली, आणि अर्धा मोंढा टेम्पो करून नांदेडला जाऊन आला. मी म्हणलं गर्दी ओसरल्यावर जाऊ. ती ओसरलीच नाही. दारात पुतण्यानं मोबाइल पुढं केला, पोरानं त्यावर यंत्र धरलं आणि आम्ही आत. तिकिटाचा कागद नाही, फाडलेला तुकडा नाही. खर्च कशाच्या आधारावर लिहायचा? आत खुर्ची अशी की बटण दाबलं की पाय आपोआप वर जातात. चारचौघांत पाय वर करून बसायची लाज वाटली, म्हणून मी ते बटण परत दाबलं, तर पाठ मागं गेली.

मग आवाज सुरू झाला. आमच्या तालुक्यात पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतून येणारी गुरगुर नवी नाही. १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा भांडी वाजायच्या आत आम्ही अंगणात होतो. त्यामुळं बुऱ्हाणपूरच्या लढाईत खुर्ची हादरली तशी माझी नजर आधी बाहेरच्या दाराकडं गेली. आजूबाजूची माणसं निवांत मक्याच्या लाह्या खात होती, म्हणून मी बसून राहिलो.

पिच्चर आवडला का? शेवटचा भाग मला बघवला नाही. मान खाली घालून बसलो होतो. विकी कौशलनं जीव ओतलाय यात वाद नाही. पण काही गोष्टी खटकल्या. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी, कादंबरी शिवाजी सावंतांची, आणि शंभूराजे येसूबाईंशी घरात हिंदीत बोलतात! पुतण्या म्हणला, "काका, देशभर चालायला पाहिजे ना." तेही खरं असेल. लेझीमचा नाच मात्र आक्षेप आल्यावर आधीच कापून टाकला होता. आनंदाच्या प्रसंगी राजा लेझीम खेळला तर बिघडलं काय, असं मला वाटतं. मोंढ्यात मी हे बोललो नाही. मत असलं तरी सगळीकडं द्यायचं नसतं, हेही त्याच आठवड्यात शिकलो.

बुऱ्हाणपूरच्या स्वारीबद्दल माझं अजून एक म्हणणं राहिलंच. १६८१ ची ती स्वारी म्हणजे मोगलांच्या श्रीमंत पेठेवर घातलेला हात. तो पैसा पुढं कुठं गेला, घोड्यांना किती लागला, किल्ल्यांना किती, हे मला बघायचं होतं. पडद्यावर तलवारीच जास्त दिसल्या. पुतण्याला हे सांगितलं तर तो रस्त्यातच हसत उभा राहिला.

पुढं डिसेंबरात आणखी गोंधळ झाला. 'धुरंधर' लागला. साडेतीन तासांचा पिच्चर, त्यात एक दाढीवाला गुंड अरबी गाण्यावर असा काही नाचतो की मोंढ्यातली पोरं पोत्यांच्या थप्पीसमोर तसंच नाचून मोबाइलवर टाकायला लागली. मी विचारलं, हा कोण? पुतण्या म्हणला, "अहो काका, हाच तर छाव्यातला औरंगजेब!" अक्षय खन्ना. ज्याला फेब्रुवारीत शिव्या घातल्या, त्यालाच डिसेंबरात शिट्ट्या. वरून कळलं की तो विनोद खन्नाचा मुलगा. विनोद खन्नाला मी औंढ्याच्या तंबूत पाहिलंय. म्हणजे बाप बघितला मातीवर बसून आणि लेक बघितला पाय वर करून. 'धुरंधर'ची गोष्ट मला अर्धीच कळली, पण हा नट पक्का.

असे काही पिच्चर झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पडद्यावर दुसरंच काहीतरी शोधत असतो. गाणी, मारामारी, नटीचं रूप, सगळं बघतो. पण मनात एक प्रश्न चालूच: या माणसाचं घर चालतं कशावर? पगार किती, कर्ज कुणाचं, घरभाडं कोण देतं? हे दिसलं की मला पिच्चर खरा वाटतो. नाही दिसलं तर मी आपला घड्याळ बघतो.

'पुष्पा २' मध्ये पैशाला तोटा नाही. रक्तचंदनाचा धंदा, पैसा पोत्यानं. बायकोनं म्हणलं, मुख्यमंत्र्यांसोबत फोटो काढून आणा. मुख्यमंत्री नाही म्हणाले. तर हा गडी मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. तीन तास वीस मिनिटं मी तोंड उघडं ठेवून बघितलं. हिंदीत पुष्पाचा आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे हे कळल्यावर तर जास्तच मजा आली. पण बाहेर आल्यावर चहा पिऊन झाला आणि काही उरलंच नाही. 'सैयारा'चंही तसंच. पोरंपोरी हुंदके देऊन रडत होती. एवढ्या तरुण पोरीला विसरायचा आजार जडतो ही गोष्ट वाईटच, पण मला रडू आलं नाही. तो माझा दोष असेल किंवा वयाचा.

'जवान' जुना होता, तो पुतण्यानं घरी दाखवला. त्यात ट्रॅक्टरच्या कर्जापायी एका शेतकऱ्याची विटंबना होते, तेव्हा आमच्या घरात कुणी बोललं नाही. तो भाग खरा. मग शाहरुख खान मेट्रो अडवतो आणि बसल्या जागी लाखो शेतकऱ्यांचं कर्ज फेडून टाकतो. इथं माझ्यातला मुनीम जागा झाला. २०१७ ची कर्जमाफी दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. दोन्ही वेळी मी शेतकऱ्यांसोबत याद्या बघितल्यात. यादीत नाव पाहिजे, आधार जोडलेलं पाहिजे, यंत्रावर अंगठा उमटला पाहिजे. हळद शिजवून शिजवून, चिखल तुडवून बोटांच्या रेघा पुसलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा उमटतच नाही. शाहरुखला हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मेट्रो अडवणं त्यामानानं सोपं आहे.

आमच्या घरी 'बाईपण भारी देवा' गाजला होता. २०२३ च्या पावसाळ्यात गल्लीतल्या बाया नऊवारी नेसून, गॉगल लावून, गाडी करून गेल्या होत्या. मी त्या गाडीत बसणार नव्हतो आणि मला कुणी बोलावलंही नव्हतं. परवा मी सौभाग्यवतींना विचारलं, "पाचापैकी किती?" त्या म्हणल्या, "सहा बहिणी मिळून मंगळागौरीची तयारी करतात. अहो, सहा जणींना एकाच वेळी मोकळी दुपार मिळते, यालाच मी पाच दिले." याच्यापुढं मी काय बोलणार?

१ मे २०२५ ला आलेला 'आता थांबायचं नाय' मात्र मला फार आवडला. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी करतात, खरोखर घडलेल्या गोष्टीवरून केलेला आहे. दहावी झाली तर बढती, बढती झाली तर पगार. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांना मी हसवणारे समजत होतो. इथं गणिताच्या पेपरला त्यांच्या कपाळावर घाम बघून माझ्याच तळहाताला घाम सुटला. 'दशावतार'ही तसाच. त्यातली मालवणी मला निम्मी कळली नाही, पण दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी ज्या ताकदीनं उभे राहतात ते कळायला भाषा लागत नाही. आणि खाण आली की जमीन कुणाची राहते, हा प्रश्न तर आम्हालाही कळतो.

या सगळ्यात माझं मन अडकलं ते 'पाणी'त. आदिनाथ कोठारेनं केलेला, १८ ऑक्टोबर २०२४ ला लागलेला. त्याला पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार कितीतरी आधी, २०१९ सालच्या पिच्चरांमध्ये मिळाला होता. टॉकीजला यायला एवढी वर्षं लागली. गोष्ट आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची, हनुमंत केंद्रे या खऱ्या माणसाची. गावात पाणी नाही म्हणून पोरीचं घर लग्नाला नाही म्हणतं. मग हा गडी गावाला एकत्र करून पाणी अडवायला लागतो.

पडद्यावर मराठवाड्याचा माणूस म्हणलं की तो विनोदाला, हे ठरलेलं. दोन वाक्यं आमच्यासारखी बोलली की प्रेक्षक हसायला तयार. 'पाणी'त तसं नाही. आमच्याकडची माणसं सरळ तोंडानं बोलतात, भांडतात, श्रमदानाला नाही म्हणतात, मग येतात. 'सैराट'च्या दुसऱ्या भागात हैदराबादला आर्ची कारखान्यात आणि परशा डोशाच्या गाडीवर राबतात, तिथं मला जो खरेपणा वाटला होता, तोच इथं वाटला. 'सैराट' २०१६ च्या एप्रिलात आला. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. पाण्यावाचून सोयरीक मोडणं ही आमच्याकडं कथा नाही, मी अशा बैठकीत बसलेलो आहे.

आणि टॉकीज रिकामं! आम्ही दोघं, पुढं एक जोडपं, मागं एकजण झोपलेला. पुतण्या म्हणला, "काका, मराठी पिच्चरला लोक येत नाहीत." मला ते पटत नाही. लोक कुठून येणार? १८ ऑक्टोबरला आमच्याकडं सोयाबीनची काढणी चाललेली. हमीभाव ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली बोली. मळणीयंत्राचे पैसे द्यायचे, दिवाळी तोंडावर. त्यात नांदेडला जायचं, मोठं तिकीट काढायचं, वर लाह्या. लाह्यांचा हिशेब तर मी करतच नाही. मक्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला २,२२५ रुपये, म्हणजे किलोला सव्वाबावीस. आत तेवढ्याच मक्याचं काय होतं ते देवाला माहीत. ज्या माणसाची गोष्ट, त्याच्याच खिशात त्या आठवड्यात पैसा नव्हता.

तर पुतण्याला मी सांगून टाकलं: 'पुष्पा'ला अडीच, 'छावा'ला साडेतीन, 'आता थांबायचं नाय'ला चार, 'पाणी'ला पाच. आणि निर्मातेमंडळींना एक विनंती आहे. 'पाणी' एकदा परत लावा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, जिथं पडदा मिळेल तिथं लावा. मे महिन्यात लावा, तोवर हळद विकून पट्टी हातात आलेली असते. आणि तिकीट शंभराच्या आत ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पाचच टक्के लागतो, वरच्याला अठरा.